साथीदारांची कंपनी

कॅसेटच्या इनले कार्डावर गायकाचं नाव ठळक, रागाचं नाव त्याखाली आणि साथीदारांची नावं सगळ्यात शेवटी, बारीक टाइपात छापायची रीत होती. पुष्कळदा तीही नसायची. तशाच बारीक टाइपातल्या दोन माणसांनी मिळून एक कॅसेट कंपनी काढली. त्यातला एक मी. दुसरा २०१८ च्या पावसाळ्यात गेला.

तो पेटी वाजवायचा, मी तबला. तो मुलुंडला नवघर रोडला राहायचा, मी घाटकोपरला पंतनगरात. त्याची नोकरी महापालिकेत, माझी बँकेत. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी आम्ही वादक. ऐंशीच्या दशकात उपनगरांत कार्यक्रमांना तोटा नव्हता. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ, मुलुंडचा महाराष्ट्र सेवा संघ, बोरिवलीची मंडळं, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कोजागिरी. मोठ्या नावांचे कार्यक्रम मोजके असत. एरवी ज्यांच्यामागे आम्ही बसायचो ते गायक-गायिका याच उपनगरांत राहणारे, शिकवण्या करणारे, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, कधीकाळी एखाद्या नाटक मंडळीत उमेदवारी केलेले.

गाणाऱ्याच्या शेजारी बसून जे ऐकू येतं ते पहिल्या रांगेतही ऐकू येत नाही. श्वास कुठे घेतला, सूर लावण्याआधी माणूस किती थांबला, तान मध्येच वळली ती अडखळून की ठरवून, हे पेटीवाल्याला कळतं, कारण त्याला त्याच क्षणी त्या वाटेनं मागोमाग जायचं असतं. तबलजीला थोडं उशिरा कळतं, समेवर. पण दोघांनाही कळतंच. त्यामुळे कोण खरं गातं याची आमची एक यादी मनात तयार झालेली होती, आणि ती वर्तमानपत्रांतल्या यादीशी फारशी जुळत नव्हती.

कार्यक्रम संपवून शेवटच्या लोकलनं परतताना पेटी दोन बाकांच्या मध्ये ठेवून तो एकच विषय काढायचा. "या बाईंचं काहीही रेकॉर्ड नाहीये रे. रेडिओवर दोनदा गायल्या असतील, ती टेपही पुसली असणार. उद्या त्या गेल्या की काय राहील?" मी म्हणायचो, शिष्या राहतील. तो म्हणायचा, "शिष्या त्यांचं गाणं गातील. त्यांचा आवाज कुठून आणतील?"

पेटीवाल्याला ही तळमळ जरा जास्त असणं साहजिक होतं. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. तीस वर्षांहून अधिक काळ देशातल्या सगळ्यात मोठ्या प्रसारण करणाऱ्या संस्थेत त्याच्या वाद्याला दार बंद होतं. त्या काळातल्या किती वादकांचा हात कसा होता हे आता फक्त सांगोवांगी उरलं आहे, असं तो म्हणायचा. त्याचं दैवत गोविंदराव पटवर्धन. १९९६ च्या जानेवारीत गोविंदराव गेले तेव्हा तो कार्यालयातून तडक माझ्या शाखेत आला. काउंटरच्या पलीकडे उभा राहिला आणि काही बोललाच नाही. आमची कंपनी तेव्हा नुकती पाय रोवत होती. त्या दिवसानंतर तिचं काम त्याच्या दृष्टीनं दुप्पट निकडीचं झालं.

सुरुवात १९९४ सालची. कंपनीला त्याच्या आईचं नाव दिलं. तशी ती वेळ बरी होती. फिलिप्सनं १९६३ साली कॅसेट आणली, पण आपल्याकडे तिचा पूर आला तो ऐंशीच्या दशकात. तोपर्यंत रेकॉर्ड काढायची म्हणजे कारखाना हवा, साचे हवेत, आणि म्हणून बहुधा एचएमव्हीचीच मर्जी हवी. कॅसेटनं ती मर्जी संपवली. गुलशन कुमारांच्या टी-सिरीजनं कॅसेट इतकी स्वस्त केली की ती पानाच्या गादीवरही मिळू लागली. त्या लाटेत पुष्कळ गाळ आला हे खरं, पण त्याच लाटेनं पुण्यात सुरेश अलूरकरांच्या अलूरकर म्युझिक हाऊसला शास्त्रीय संगीताच्या कॅसेट काढू दिल्या. त्या कॅसेट आम्ही पुण्याला गेलो की घेऊन यायचो आणि आमची हिंमत वाढायची.

अंधेरी पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत तेव्हा कॅसेट भरून देणारे गाळे होते. बिनकॅसेटच्या टेपचं मोठं चाक यायचं, त्याला तिथं पॅनकेक म्हणत. त्यावर एकामागोमाग एक तोच कार्यक्रम भरधाव उतरवायचा, मग यंत्रावर तेवढ्या तेवढ्या लांबीला कापून कवचात गुंडाळायचा. कमीत कमी पाचशे नग घ्यावे लागत. त्यानं भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले, मी बँकेतून कर्ज घेतलं. एक जुनं स्पूल मशीन, दोन चांगले माइक आणि हेडफोन, एवढं सामान. पुढे डॅट मशीन आलं, डिजिटल टेपचं.

कंपनीचा कागद त्यानं स्वतः लिहिला, एका पानाचा, मराठीत. त्यात एक कलम होतं: मास्टर टेप गाणाऱ्याची. कंपनी ती सांभाळणार, कॅसेट काढणार, विक्रीतला वाटा देणार; पण मालकी गाणाऱ्याची. ही गोष्ट त्या वेळी रीतीच्या उलट होती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा धनी ठरतो तो निर्माता, म्हणजे कंपनी. गाणाऱ्याला एकदा बिदागी दिली, सही घेतली, की तो मोकळा. चित्रपटांतल्या वादकांची तर पिढ्यान्‌पिढ्या तीच गत. सादरकर्त्यालाही काही हक्क असतो हे कायद्यात शिरलं १९९४ च्या दुरुस्तीनं, आणि मानधनाच्या पुढे जाऊन रॉयल्टीत वाटा मिळण्याची तरतूद आली २०१२ ला. आमच्या पेटीवाल्यानं हे कायदे वाचून काही केलं नव्हतं. इतरांच्या मागे बसून आयुष्य काढलेल्या माणसाला जे उघड दिसत होतं ते त्यानं कागदावर उतरवलं.

रेकॉर्डिंग मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायचं. स्टुडिओचं भाडं तासावर असतं आणि तासावर भाडं असलं की विलंबित ख्याल आपोआप आटोपशीर होतो, हे आम्ही दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला पाहिलं होतं. हॉल रुळांच्या जवळ. म्हणून शेवटची लोकल गेल्यानंतर बसायचं आणि पहिली यायच्या आत उठायचं. मधल्या दोन-अडीच तासांत मुलुंड जितकं शांत असतं तितकं इतर वेळी कधीच नसतं. कुठली तरी मेल गाडी जायची, ती गेली की पुन्हा सुरू. यामुळे झालं असं की आमच्या सुरुवातीच्या कॅसेट सगळ्या उत्तररात्रीच्या. मालकंस, दरबारी, अडाणा. लोकांना वाटायचं ही कंपनीची आवड.

बाईंनी मात्र तोडीच गाणार म्हणून सांगितलं. त्या मूळच्या गोव्याच्या, घाटकोपरला भटवाडीच्या चाळीत राहायच्या, सत्तरीच्या होत्या. आमच्या मनातल्या यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर होतं. रात्री दोनला तोडी गायला त्या तयार होईनात. "राग काय तुमच्या गाडीच्या टाइमटेबलावर गायचा?" तो काही बोलला नाही, नुसता हसला, आणि आम्ही सकाळी सात वाजता बसलो. त्या तोडीत कल्याण लोकल आहे, भोंगा आहे, शाळेच्या शिपायानं उघडलेला नळ आहे. एका ठिकाणी बाई कोमल धैवतावर थांबल्या आहेत आणि बरोबर तेव्हाच गाडी येते. बाई सूर सोडत नाहीत. गाडी जवळ येते, सगळा हॉल भरून टाकते, दूर जाते, आणि मागे तो धैवत तिथंच, तसाच, त्याच वजनाचा. तो आवाज पुसायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. नंतर ती आली तेव्हाही त्यानं पुसू दिला नाही.

विक्रीचं काय सांगायचं. दुकानदार माल ठेवून घ्यायचे, सहा महिन्यांनी निम्मा परत करायचे. एका वितरकाकडे अडकलेले पैसे शेवटपर्यंत सुटले नाहीत. खरी विक्री व्हायची नाट्यगृहांत, मध्यंतरात. मुलुंडचं कालिदास, पार्ल्याचं दीनानाथ, ठाण्याचं गडकरी. एक टेबल, त्यावर पांढरी चादर, त्यावर कॅसेट. लोक चहाचा कप हातात घेऊन यायचे, इनले उलटून पाहायचे आणि विचारायचे, "या कोण?" मग तो सांगायला लागायचा. घंटा व्हायची, पडदा वर जायचा, आणि हा अजून त्या माणसाला बाईंच्या बोलतानेबद्दल सांगत उभा. मला वाटतं त्या मध्यंतरांत तो जेवढा सुखी होता तेवढा मंचावर बसूनही नसेल.

२००३ साली शुभा मुद्गल आणि अनीश प्रधान यांनी 'अंडरस्कोअर रेकॉर्ड्‌स' सुरू केली तेव्हा त्यानं मला रात्री फोन करून उठवलं होतं. एक गायिका आणि एक तबलावादक, दोघांनी मिळून काढलेली कंपनी, मोठ्या कंपन्यांच्या दारात उभं न राहता कलावंतांनी आपलं काम इंटरनेटवरून थेट श्रोत्यापर्यंत न्यावं आणि हक्क स्वतःकडे ठेवावेत म्हणून. अनीश प्रधान म्हणजे जुहूच्या 'संगीत महाभारती'च्या पंडित निखिल घोष यांचे शिष्य. शिवाय इतिहासाचे अभ्यासक. वसाहतकाळातल्या मुंबईच्या हिंदुस्थानी संगीतावर त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. शुभाताई तर नव्वदच्या दशकात पॉप अल्बममधून घरोघर पोचलेल्या, मोठ्या कंपन्यांचं जग आतून पाहिलेल्या. त्यांनी हे करावं याचा त्याला इतका आनंद झाला की जणू आपल्याच घरात काही शुभकार्य आहे. "बघ, तबलजी आहे त्यात," तो मला म्हणाला. "साथीदाराला सुचणारच हे."

मग दोन वर्षांनी २६ जुलै आला.

मंगळवार होता. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्याला पाऊस होता ७३ मिलिमीटर. मुंबईच्या दक्षिण टोकाला छत्री पुरली, आणि उपनगरं बुडाली. आमच्या टेप साकीनाक्याजवळ, कुर्ला-अंधेरी रस्त्याच्या आतल्या बाजूला एका गाळ्यात होत्या. गाळा तळमजल्यावर, कारण वरच्या मजल्यांचं भाडं परवडणारं नव्हतं. मिठी नदी तिथून लांब नाही. आम्ही तिथवर पोचू शकलो तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि भिंतीवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ होती. कपाटाचं दार फुगून अडकलं होतं. त्यानं ते खांद्यानं ढकलून उघडलं. डिझेलचा आणि गटाराचा मिसळलेला वास आला. डॅटच्या इवल्याशा कॅसेट एकमेकींना चिकटल्या होत्या. स्पूलच्या डब्यांत अजून पाणी होतं.

ओली टेप वाळू द्यायची नसते, आधी स्वच्छ धुवायची असते, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं साकीनाक्याच्या गॅरेजांमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटरचे मिळतील तेवढे कॅन गोळा केले. नवघर रोडच्या त्याच्या घरात बादल्या मांडल्या. वहिनींनी स्वयंपाकघर सोडून सगळं घर त्या टेपांना दिलं. एकेक स्पूल धुऊन पंख्याखाली, मग सैल गुंडाळून, मग पुन्हा. लोहभस्माचा तो तपकिरी थर काही टेपांवरून हाताला लागत होता. हाताला जे लागत होतं ते गाणं होतं. काही स्पूल वाचले. डॅट एकही वाचली नाही, आणि बाईंची तोडी डॅटवर होती.

मास्टर गाणाऱ्याची, हे कलम आता आमच्यासमोर उभं राहिलं. आपला माल बुडाला असता तर विमा, नुकसान, नशीब असे शब्द पुरले असते. इथं दुसऱ्यांची ठेव बुडाली होती. त्यानं ठरवलं की पत्र किंवा फोन नाही, प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगायचं. त्या वेळी मेट्रो नव्हती. ती आली २०१४ ला. घाटकोपर ते अंधेरी ३४० नंबरच्या बसनं जायचं, असल्फा, साकीनाका, मरोळ नाका अशी अडकत अडकत, आणि तिथून पुढे बोरिवलीपर्यंत लोकल. कुणी गप्प बसलं. एका निवृत्त मास्तरांनी आम्हालाच धीर दिला. एक गायक तोवर वारले होते. त्यांच्या मुलाला ती टेप होती हेच माहीत नव्हतं.

भटवाडीला बाई खाटेवर बसल्या होत्या. त्यानं सगळं सांगितलं, खाली बघत. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माझा आवाज पाण्यात विरघळतो होय रे? कॅसेट विकल्यात ना तुम्ही? लोकांच्या घरी असतील की." आणि उशाशी हात घालून स्वतःची कॅसेट काढून दिली. ती त्यांच्या शिकवणीच्या मुलींनी वापरून वापरून झिजवली होती. मुखड्यापाशी पुन्हा पुन्हा मागे नेऊन टेप ताणली गेली होती. तिथं आवाज थरथरतो.

बाईंच्या त्या एका वाक्यानं पुढची वर्षं ठरली. विकलेल्या कॅसेट परत शोधायच्या, आणि त्यांवरून गाणं पुन्हा उभं करायचं. तेव्हाच मला 'यंग इंडिया' कंपनीची आठवण झाली. मुंबईच्या नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचा तो शिक्का. १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत त्यांनी दहा हजारांवर शीर्षकं काढली, तीन-तीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्यांवर. ज्यांना मोठ्या कंपन्यांनी घेतलं नाही, अशा हौशी आणि नवख्या कलावंतांना त्यांनी घेतलं. कंपनी मिटली, कारखाना मोडीत गेला, आणि त्या संगीताची पुन्हा ना कॅसेट निघाली ना सीडी. जे उरलं ते लोकांच्या घरी, जुन्या बाजारात, संग्राहकांच्या कपाटांत. १९९० साली मुंबईत सुरू झालेल्या 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स'च्या सुरेश चांदवणकरांनी पुढे ब्रिटिश लायब्ररीच्या धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीच्या कार्यक्रमातून त्या तबकड्या शोधून त्यांचं डिजिटल रूप करून घेतलं. कंपनी आपला माल जपू शकली नाही, घेणाऱ्यांनी जपला. हे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे आपल्याला मध्यंतरातल्या त्या माणसांना शोधायला हवं."

शोधलं. नाट्यगृहांत त्याच टेबलावर आता 'कॅसेट परत हवी आहे' असा फलक लावला. लोक आश्चर्यानं बघायचे. काहींनी दुसऱ्या दिवशी आणून दिल्या.

जुन्या कॅसेटवरून आवाज काढणं हे काम मी त्याच्या शेजारी बसून पाहिलं, आणि त्याच्यासारखं ते करणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. प्रत्येक डेकचं हेड थोडं वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या कोनात टेप भरली त्याच कोनात वाचली नाही तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो. हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. घड्याळजीचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, हेडफोन लावून, डोळे मिटून तो तो स्क्रू केसभर इकडे, केसभर तिकडे फिरवायचा. ऐकायचा तंबोरा. गाण्याकडे त्याचं लक्षच नसे. तंबोऱ्याची जवारी एकदम खुलायची, एखादं दार उघडावं तशी, आणि तो हात काढून घ्यायचा. मलाही तो क्षण ऐकू यायचा, पण तो आल्यावर. त्याला तो येताना ऐकू यायचा.

दुसरं काम वेगाचं. घरगुती डेक कधीच बरोबर वेगानं चालत नाही. एक-दोन टक्के फरक सहज. वेग सहा टक्क्यांनी वाढला तर गाणं अख्ख्या अर्ध्या स्वरानं चढतं, म्हणजे काळी चारचं पांढरी सहा होतं, आणि सत्तरीच्या बाईंचा आवाज पन्नाशीचा वाटू लागतो. मग खरा वेग कोणता? तो उठायचा, पेटी आणायचा, भाता ओढायचा आणि सूर धरायचा. "बाई काळी चारनं गायच्या. पण त्या दिवशी तंबोरे किंचित चढे लावले होते, सकाळी हवा गार होती." आणि संगणकावर वेग तेवढा, फक्त तेवढाच, कमी करायचा. हे त्याच्या डोक्यात होतं. नुसत्या बाईंचं नव्हे, चाळीसेक कॅसेटींमधल्या सगळ्यांचं. कोणाची पट्टी काय, त्या रात्री कोणाचा घसा बसला होता म्हणून अर्धा स्वर उतरवला, कोणत्या टेपेत तंबोऱ्यावर कोणाची मुलगी बसली होती. मी त्या सगळ्या रात्री तिथंच होतो, तबला लावत होतो. पण माझं लक्ष समेकडे असायचं.

२०१५ नंतर त्याची मूत्रपिंडं बिघडली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, चार-चार तास. त्या खुर्चीत बसून तो कानात हेडफोन घालून ऐकत राहायचा आणि उजव्या, मोकळ्या हातानं वहीत लिहायचा. शाळेची दोनशे पानी वही. पान उघडलं की वर गायकाचं नाव, खाली रागाचं, मग पट्टी, मग टेप कुठून मिळाली, किती खराब आहे. अक्षर हळूहळू वाकडं होत गेलं. मी सोबत बसायचो. परिचारिका विचारायच्या, काका काय ऐकता? तो त्यांना एक हेडफोन द्यायचा. एका केरळी परिचारिकेनं बाईंची तोडी दोन-तीनदा मागून ऐकली. त्याचा दिवस चांगला गेला.

वहीची अठ्ठावीसेक पानं भरून झाली होती. बाकीच्या टेपांची नोंद राहिली.

त्याच्यामागे मला कळत गेलं की आमच्या कंपनीत नक्की काय होतं. टेपा होत्या, कागद होते, ते माझ्याकडे आहेत. पण कंपनी म्हणजे खरं तर दोन माणसांना ठाऊक असलेल्या गोष्टी होत्या. अमुक टेक का निवडला, तमुक का टाकला. बोरिवलीच्या मास्तरांचा पुरिया दोनदा झाला होता. दुसरा सफाईदार होता आणि आम्ही पहिला छापला. यावर आमचं जवळजवळ भांडण झालं होतं. त्यानं पहिल्याच्या बाजूनं काय सांगितलं होतं ते आता मला आठवत नाही, आणि ज्याला आठवलं असतं तो नाही. पहिला टेक ऐकतो तेव्हा मला तो अधिक चांगला आहे हे पटतं, पण का ते मी सांगू शकत नाही.

वाचलेल्या स्पूलांवर त्याचा आवाज आहे. प्रत्येक टेकच्या आधी तो नाव, राग, ताल, टेक नंबर असं बोलायचा, कोरड्या, सरकारी आवाजात, म्हणजे नंतर टेप ओळखता यावी. कॅसेट काढताना ते कापून टाकायचो. डिजिटल करताना मी ते ठेवतो. ऐकणाऱ्यांना त्याचं काही नाही, पण गाणाऱ्यांच्या आधी त्यांचं नाव कुणी घेतलं होतं हे त्या ध्वनिमुद्रणाचा भागच आहे असं माझं ठाम मत आहे. पेटीचं त्याचं स्वतंत्र वादन आम्ही काढलं नाही. मी दर दोन-तीन वर्षांनी विषय काढायचो आणि तो कुणातरी म्हाताऱ्या गायकाचं नाव पुढे करायचा, म्हणायचा, आधी हे, ते थांबणार नाहीत. म्हणून आता त्याचा हात ऐकायचा तर दुसऱ्याच्या गाण्यात ऐकावा लागतो. गवई श्वास घ्यायला थांबतो तेवढ्यात जी दोन-चार सुरांची जागा भरली जाते, तो तो.

अलीकडे शिष्यांच्या आग्रहानं मी या टेपा स्ट्रीमिंगवर टाकतो आहे. तिथला अर्ज भरताना मुख्य कलाकार कोण हे आधी विचारतात, साथीदारांचा रकाना बराच खाली आहे, पण आहे. मी तो प्रत्येक वेळी पूर्ण भरतो: पेटी, तबला, तंबोरा, आणि ध्वनिमुद्रण म्हणून पुन्हा त्याचंच नाव. आमच्या चाळीतला एक मुलगा रॅप करतो, त्याला अंधेरीच्या जे. बी. नगरातून आलेल्या रॅपर डिव्हाइनसारखी स्वतःची कंपनी काढायची आहे, दोन मित्र मिळून. तो माझ्याकडे काही विचारायला आला होता. मी त्याला पेटीवाल्याचा तो एका पानाचा कागद दाखवला. त्यानं मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला.

काही कॅसेट अजून मिळालेल्या नाहीत. त्यांतल्या एकीची मला फार ओढ आहे. नाट्यगीतांची आहे, गायक मुलुंडचे, आता नाहीत. १९९७ ची. तिचं इनले पिवळं, त्यावर ऑर्गनचं रेखाचित्र. निम्म्याहून जास्त प्रती कोकणात आणि गोव्यात एका दौऱ्यात विकल्या गेल्या, रत्नागिरी, सावंतवाडी, म्हापसा. बी बाजूच्या शेवटच्या पदात गायकांना ठसका लागतो आणि पुढच्या सात-आठ मात्रा नुसती पेटी गाते, गाणं मोडू न देता. ती त्याची सगळ्यात लांब एकट्याची जागा. कोणाच्या माळ्यावर, जुन्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यात, आजोबांच्या कपाटात ती असेल तर कृपा करून टाकू नका. टेप तुटली असली तरी चालेल. कॅसेटच्या कवचाला पाच स्क्रू असतात, ते सोडवून टेप नव्या कवचात घालता येते, आणि तुटलेलं टोक जोडता येतं.